टाकी भरली की गळते, अर्धी झाली की सकाळी चालू होत नाही : पिकअपच्या डिझेल गळतीचा माग

गाडी २०११ ची डिझेल पिकअप, जुन्या यांत्रिक पंपाची. सेन्सर-बिन्सर काही नाही. ओतूरकडून माल भरायचा, माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत वाशीचं मार्केट गाठायचं आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. येऊन-जाऊन साधारण तीनशे किलोमीटर. टोमॅटोच्या हंगामात आठवड्याला चार खेपा होतात, गाडी गॅरेजात ठेवायला दिवस मिळत नाही. त्यामुळे ही गळती माझ्याकडे पाच महिने मुक्कामाला होती. तीनदा काम केलं, तीनदा परत आली. शेवटी जे छिद्र सापडलं त्यात मोहरीचा दाणाही गेला नसता.

आधी तक्रार नीट सांगतो, कारण मी चुकलो ते इथेच. गॅरेजात जाऊन मी "डिझेल गळतंय" एवढंच सांगायचो.

खरं तर तक्रारी दोन होत्या. पहिली म्हणजे रात्री अंगणात उभ्या गाडीखाली डिझेलचा डाग. तोही रोज नाही. एखाद-दुसरी रात्र असायचा, मग तीन-चार दिवस जमीन कोरडी. दुसरी तक्रार सकाळची. काही सकाळी गाडी एका सेल्फला चालू, तर काही सकाळी चार-पाच सेल्फ खायची, पांढरा धूर सोडत लंगडत चालू व्हायची आणि मिनिटभरात सुतासारखी सरळ. शिवाय परतीला माळशेज चढताना कधीकधी आचके द्यायची. अ‍ॅव्हरेज साडेबारावरून बाराच्याही थोडं खाली आलं होतं. मी आणि मिस्त्री, दोघांनीही ही दोन वेगळी दुखणी धरली होती.

पहिल्यांदा मिस्त्रीने गाडीखाली हात फिरवला, टाकीच्या मागच्या पट्ट्याजवळ ओलं लागलं. टाकी उतरवली, जोड घासला, एमसील लावलं. बारा दिवस डाग नाही. मी खूश. पण त्या दिवसांत भाव पडले होते, खेपा कमी होत्या आणि टाकी मी एकदाही पूर्ण भरली नव्हती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

दुसऱ्यांदा सकाळच्या तक्रारीवर हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आत ऊब देणारे) बदलले आणि बॅटरी नवी घेतली. नवी बॅटरी इंजिन जोरात फिरवते, त्यामुळे महिनाभर दुखणं झाकलं गेलं. बॅटरी तशीही म्हातारी होती, म्हणून तो खर्च मी वाया गेला असं म्हणत नाही.

तिसऱ्यांदा फिल्टरवरचे बँजो बोल्ट, म्हणजे डिझेल आतून जाऊ देणारे पोकळ बोल्ट, कसले. जुनेच तांब्याचे वायसर तसेच ठेवून वर पाना जोरात ओढला. ओलं थांबलं नाहीच, वर एका बोल्टाची आटी मेली.

मिस्त्रीला दोष देत नाही. गाडी गॅरेजात पोचायची ती चालून, म्हणजे पाईप डिझेलने भरलेले आणि इंजिन गरम. टाकीही पावाच्या खाली, कारण डिझेल मी खेपेच्या आदल्या संध्याकाळी भरतो. त्याच्यासमोर दोन्ही दुखणी गायब असायची. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं.

धागा सापडला तो घरी. अंगण सौ. झाडते. एका सकाळी डागावर माती टाकता टाकता म्हणाली, "अहो, तुम्ही डिझेल भरून आणता ना, त्याच रात्री हे होतं. एरवी नसतं." पाच महिने गाडीखाली वाकणाऱ्या मला जे दिसलं नाही, ते झाडू मारणारीला दिसलं होतं. त्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली. रात्री टाकी किती, जमिनीवर डाग किती, सकाळी सेल्फ किती. दहा दिवसांत चित्र स्वच्छ झालं. टाकी भरलेली असली की डाग पडतो आणि सकाळी गाडी फटकन चालू होते. टाकी अर्धी किंवा कमी असली की डाग नाही, पण सकाळी सेल्फवर सेल्फ. दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही.

एकाच छिद्राची दोन तोंडं

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून आणणारा इंजिनाजवळचा छोटा पंप) पाईप ओढीचा असतो. पंप पुढून ओढतो, मागून कोणी ढकलत नाही. या पाईपला छिद्र पडलं तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवाच आत जाऊ पाहते. मग रॅम्पवर गाडी चालू ठेवून खालून टॉर्च मारली तर काय दिसणार? कोरडं.

गाडी बंद केली की खेळ बदलतो. पाईप डिझेलने भरलेला आहे आणि त्याचं एक टोक टाकीत बुडालेलं आहे. आता टाकीतली डिझेलची पातळी छिद्राच्या वर असेल, तर पिंपातून नळीने पाणी काढतो त्याच तत्त्वावर डिझेल छिद्रातून ठिबकत राहतं. पातळी छिद्राच्या खाली गेली, की उलटं. पाईपमधलं डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे परत जाऊ लागतं आणि छिद्रातून हवा आत येते. रात्रभरात पाईप रिकामा होतो. सकाळी पंप आधी हवा ओढतो, मग डिझेल. ते चार-पाच सेल्फ हवेचे होते.

म्हणजे वहीने मला छिद्राची उंचीही सांगितली होती. टाकी अर्ध्याला आली की डाग थांबतो, याचा अर्थ छिद्र टाकीच्या साधारण मध्याच्या उंचीवर आहे. गाडीखाली न जाताच शोधायची जागा एका पट्टीवर आली.

आणि टाकीच्या मागच्या पट्ट्याजवळचं ओलं? आमच्या अंगणाला मागे उतार आहे. थेंब पाईपला धरून, मग चासीच्या कडेने घरंगळत सर्वांत खालच्या जागी येऊन पडत होता. चालत्या गाडीत वारासुद्धा डिझेल मागेच फेकतो. त्यामुळे ओलं जिथे दिसतं तिथून पुढे आणि वर शोधत जायचं. खाली आणि मागे शोधत बसलात तर हौद्याच्या टोकाला जाऊन पोचाल.

वाशीच्या रस्त्यावर सांडलेले दोन लिटर

वहीचा आणखी एक उपयोग झाला. भरल्या टाकीच्या रात्री थेंब जिथून खाली पडत होता त्या टोकाखाली कापलेली बाटली लावली. तासाला चाळीस मिलीच्या आसपास. रात्रभराचे तीनशे, म्हणजे एका टाकीमागे फार तर अर्धा लिटर. पण अ‍ॅव्हरेजचा हिशेब केला तर पन्नास लिटरमागे जवळपास अडीच लिटर कमी भरत होते. मग उरलेले दोन लिटर कुठे? ते रात्री जात नव्हते, म्हणजे दिवसा, चालत्या गाडीत जात होते. छिद्र तर चालत्या गाडीत गळत नाही. म्हणजे दुसरी गळती आहे, आणि ती दाबाच्या किंवा परतीच्या बाजूला आहे.

ती शोधायला पाच मिनिटं लागली. इंजिन धुऊन वाळवलं, चालू ठेवलं आणि नोझलांवरून (इंजिनात डिझेल फवारतात त्या) फिरणारी ओव्हरफ्लोची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी बारीक, कापडाच्या विणीची रबरी नळी बघत बसलो. तिसऱ्या नोझलच्या तोंडाशी नळी ओलसर काळी होत होती. शेवटच्या नोझलवरची रबरी टोपीही तडकलेली होती. केबिनमध्ये डिझेलचा वास यायचा, तोही इथलाच. ही नळी कापडासारखी मीटरवर मिळते आणि हाताने बसते. बसवताना जुनी नळी ओढून काढू नका, नोझलची बारीक नळी वाकते. ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढा. एक नळी फुटली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्या एकदम बदला.

इथे एक गंभीर गोष्ट. नोझलकडे जाणारे जाड धातूचे पाईप वेगळे आणि ही परतीची नळी वेगळी. धातूच्या पाईपमध्ये जुन्या गाडीतही शेकडो बारचा दाब असतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत (सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल मिळतं त्या) तो सोळाशे बारच्या घरात आणि वर जातो. त्या नटाजवळ गळती वाटली तर चालू इंजिनावर बोट फिरवायचं नाही. ती धार केसाइतकी बारीक असते, दिसत नाही आणि कातडीतून आत घुसते. वरून फक्त टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, पण आत डिझेल पसरून हात गमावायची वेळ येऊ शकते. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसू नका, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि "दाबाने डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. तपासायचं असेल तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरा, ओला झाला तर कळतं.

छिद्र कसं पकडलं

सगळ्यात आधी गाडीखालचा चिखल काढला. वॉशिंगवाल्याकडे जोरात पाणी मारून घेतलं, धुण्याची पावडर आणि ब्रशने टाकीपासून इंजिनपर्यंतचा सगळा पाईप घासला, हवेने वाळवला. गंमत म्हणजे धुतल्यावर गळती वाढली. चिखलच इतके दिवस मलमपट्टी करत होता. तुमचीही गाडी धुऊन आणल्यावर जास्त गळत असेल तर वॉशिंगवाल्याशी भांडू नका.

वाळल्यावर पाईपवर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरवली. खडूची पूडही चालते. डिझेलचा थेंब पावडरीवर गडद रेघ ओढत जातो, आणि रेघेचं वरचं टोक ही गळतीची जागा. माझ्या बाबतीत पावडरीने पट्टा दोन फुटांवर आणला, पण तिथे पाईप चासीच्या आतल्या अंगाने जातो आणि हात जेमतेम पुरतो.

पाईप सोडायच्या आधी खात्री करायला कॅनचा प्रयोग केला. पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनशेजारी बांधला, फीड पंपाला येणारी टाकीकडची नळी काढून कॅनमधली नळी जोडली. ओव्हरफ्लोची लाईनही कॅनमध्येच सोडायची, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन बसतं आणि तुम्ही कॅन का रिकामा झाला म्हणून डोकं खाजवता. हे मी अनुभवाने सांगतोय. पाईपमधली हवा म्हणजे एअर काढली, गाडी चालू केली, बंद केली, आणि टाकी अर्धी असताना रात्रभर तशीच ठेवली. सकाळी एका सेल्फला चालू. म्हणजे इंजिन, पंप, बॅटरी, प्लग सगळं ठीक. दुखणं टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये.

ज्यांना कॅनची खटपट नको, त्यांनी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडून बघावी. बुडबुडे दिसले की हवा मागून येतेय. फक्त ती नळी तिथेच विसरू नका. साधी पारदर्शक नळी डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होते आणि तडकते.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, चाकांना उट्या लावल्या, पाईपची दोन्ही टोकं सोडून आतलं डिझेल बाटलीत उतरवलं. एका टोकाला बोल्ट घालून बूच मारलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. पुतण्या पंप मारत होता आणि मी जुन्या दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस लावत पाईपवरून सरकत होतो. कंप्रेसरची हवा सोडायची नाही, आणि टाकीत तर मुळीच नाही. टाकी पत्र्याची असते, दाबासाठी बनवलेली नसते, फुगून फाटते.

टाकीच्या पुढच्या कडेजवळ पाईपला धरणारी एक क्लिप आहे. क्लिपमधलं रबर कधीच गेलेलं, त्या जागी माती बसून सिमेंटसारखी झालेली. क्लिप सोडली तर खालचा पाईप एका बाजूने चपटा आणि चकचकीत, चमच्याच्या पाठीसारखा. बाकी पाईप गंजलेला तपकिरी आणि तेवढाच रुपयाएवढा भाग आरशासारखा. वर्षानुवर्षं इंजिनच्या थरथरीने तो क्लिपच्या कडेवर घासत होता. फेस लावला. आधी नुसती सुरसुर झाली. मग चकाकीच्या मधोमध चण्याएवढा एक फुगा हळूहळू वर आला, थरथरला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. पुतण्या म्हणाला, "काका, थांबू का?" म्हटलं, "मार अजून दोन." बघायला बरं वाटत होतं.

काय लावलं आणि काय लावलं नाही

रस्त्यात टाकीच्या पत्र्याला बारीक छिद्र पडलं तर कपड्याचा साबण ओला न करता घासून दाबून भरायचा, ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती चालते. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, घर गाठता येतं. पण ती टाकीसाठी. ओढीच्या पाईपवर साबण किंवा एमसील लावलं तर गाडी चालू असताना पंप ते आतच ओढतो. हवा तर जातेच, वर फिल्टरही भरतो.

छिद्राचा तुकडा कापून मध्ये रबरी नळी आणि दोन क्लॅम्प, हा सगळीकडे होणारा इलाज. वाईट नाही, पण तीन अटी आहेत. नळी डिझेलचीच हवी; पाण्याची नळी डिझेलने फुगते, मऊ होते आणि काही महिन्यांत पकड सोडते. धातूच्या टोकाला बारीक उठाव हवा, फुलवून घेतलेलं. सरळ कापलेल्या टोकावर नळी घट्ट दिसली तरी हवा घेते. आणि क्लॅम्प या बारीक मापाचा, नट-बोल्टचा हवा. मोठा पेचाचा क्लॅम्प बारीक नळीवर गोल बसत नाही, एका बाजूला सुरकुती सोडतो. दोन क्लॅम्प लावल्याने ती सुरकुती जात नाही.

मी अख्खा पाईप बदलला. मिस्त्री म्हणाला, "तांब्याचा टाकू, वळायला सोपा." नको म्हटलं. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि जोडाजवळ तडकतं. शिवाय तांब्याच्या संगतीत डिझेल लवकर जुनं होऊन डिंकासारखा गाळ धरतं. जुन्या पाईपच्याच मापाचा स्टीलचा पाईप घेतला, जुना शेजारी ठेवून वळणं जुळवून घेतली. आणि खरं काम क्लिपांचं. जुन्या गाडीत मूळच्या सातपैकी तीनच क्लिपा उरल्या होत्या, त्यातली एकच रबरासकट. साधारण फुटा-सव्वा फुटावर एक, अशा सगळ्या रबराच्या क्लिपा बसवल्या. पाईप बदलून क्लिपा तशाच ठेवल्या असत्या तर दोन वर्षांनी हाच मजकूर पुन्हा लिहावा लागला असता.

फिल्टरवरचा मेलेला बोल्ट बदलला, वायसर सगळे नवे. नवे मिळाले नाहीत तर जुना तांब्याचा वायसर गॅसवर मंद लाल करून गार करा. एकदा दाबला गेलेला वायसर कडक झालेला असतो, तापवल्यावर तो पुन्हा मऊ होतो आणि जागा धरतो. वायसर बसतो ती जागा आणि वायसरही बोटाने तपासा, वायसरवर ओरखडा लागला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून वायसर सपाट करून घ्या. एवढं करून हलक्या हाताने कसलं तरी पुरतं. पाना ओढून गळती थांबवायला गेलं की आटी जाते, हे माझ्या खिशाने शिकवलं आहे.

गॅस वेल्डिंगचा विषय निघतोच, म्हणून सांगतो. "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच, मार टाका" असं म्हणणारे भेटतात. आयएस १४६० या भारतीय मानकानुसार आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योतीने भडकते) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या टाकीतलं डिझेल तेवढं तापतंच, मग वेल्डिंगच्या ज्योतीखाली काय होईल? रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातकी, कारण आत नुसती वाफ असते. टाकीला वेल्डिंग लागणारच असेल तर ती उतरवून, नीट धुऊन, वाफ पूर्ण काढणाऱ्या माणसाकडेच द्या. इंजिनवरची गळतीही "थेंबभर तर आहे" म्हणून सोडू नका. डिझेल २१० ते २५० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि भरल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घाटात त्याहून कितीतरी जास्त तापतो. आणि घाटातल्या वळणावर आपलं सांडलेलं डिझेल पावसात पसरलं तर मागून येणारा दुचाकीवाला आडवा होतो.

काम झाल्यावर एअर काढणं. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, फेसाळ डिझेल येईल, मग सलग धार येईल, ती येत असतानाच स्क्रू बंद. एवढ्याने चालू झाली नाही तर सेल्फ मारत नोझलचे नट एकेक करून किंचित सैल करायचे, पण हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला. कॉमन रेल गाडीचा एकही जाड पाईप सैल करायचा नाही, चालू असताना तर नाहीच.

तुमचा डाग वेगळ्या वेळेला पडत असेल तर

काठोकाठ भरलेल्या टाकीला दुपारी उन्हात गळती आणि रात्री काही नाही, असं असेल तर पाईप सोडा, टाकीचं डोकं बघा. पहाटे गार डिझेल भरून गाडी उन्हात लावली आणि ते वीस अंशांनी तापलं, तर साठ लिटरचे जवळपास एकसष्ट होतात. तो लिटर फ्लोटच्या (टाकीतली पातळी काट्याला सांगणारा तरंगता भाग) गॅस्केटमधून किंवा तोंडाच्या रबरी नळीतून बाहेर येतो. गॅस्केट बदला, आणि डिझेल भरताना पंपावरचं नोझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणणं सोडा.

फक्त चढावर गळत असेल तर टाकीची मागची बाजू, फक्त उतारावर असेल तर पुढची. झाकण उघडताना टाकी सुस्कारा सोडत हवा आत ओढत असेल तर टाकीचा श्वास कोंडलाय; झाकणाचं किंवा ब्रीदरचं भोक साफ करा, आचके त्यानेही येतात. मासळीच्या गाड्यांना बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळून टाकीच्या पट्ट्याखाली साचतं आणि टाकी नेमकी पट्ट्याखालीच कुजते. कोकण-गोव्याकडच्यांनी पट्टा सोडून बघितल्याशिवाय टाकी चांगली म्हणू नये.

प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तिथे टाकीपासूनची लाईन दाबाची असते, त्यामुळे माझं भरली-अर्धी टाकीचं कोडं लागू होत नाही. तिथे गळती असेल तर ती चावी फिरवल्याबरोबर दिसायला हवी. जोडही बहुधा खटकन बसणारे प्लास्टिकचे असतात, आतल्या ओरिंगला (गोल रबरी कडी) चीर पडली की झिरपतात. ती नायलॉनची लाईन कापून मध्ये रबर घालू नका.

आणि ओलं आहे ते डिझेलच का, हे आधी ठरवा. पाण्यात थेंब टाका. डिझेल रंगीत पापुद्रा करून तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. ब्रेक ऑइल निघालं तर गाडी तिथेच उभी करा.

माझी तपासणी दोन रात्रींची होती, कारण दुखणंही दोन तऱ्हेचं होतं. पहिल्या रात्री टाकी भरून, पाईपवर पावडर मारून, अंगणात उताराला लावली. सकाळी पावडर जशीच्या तशी. दुसऱ्यांदा वाशीहून येऊन टाकी अर्ध्याच्या खाली असताना लावली. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू. आठवड्याने नव्या नळ्यांचे क्लॅम्प एकदा पाव आटी कसले, रबर बसलं की ते सैल होतातच. अ‍ॅव्हरेज पुन्हा साडेबारावर आहे.

नंतर महिनाभराने बॉनेटखाली पुन्हा डिझेलचा वास आला तेव्हा पोटात गोळा आला. ओव्हरफ्लोची नवी नळी दोन ठिकाणी कुरतडलेली. गाडी रात्री कांद्याच्या चाळीला खेटून लावतो, तिथले उंदीर उबेला इंजिनवर येऊन बसतात. नळीवर स्टीलची जाळीदार बाही चढवलीय आणि गाडी चाळीपासून चार हात लांब लावतोय.